केळी वेफर्सची बारा पाकिटे आणि तीन ग्रॅमची तूट

फैजपूर-सावदा रस्त्यावरच्या केळी वेफर्सच्या एका दुकानाविषयी हा अभिप्राय आहे. दुकानाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात वजनाची एक तक्रार आहे आणि ती बरीचशी मिटलेली असताना नावासकट कायमची मांडून ठेवणे मला बरे वाटत नाही. जळगावच्या महाविद्यालयात मी अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवले, त्यामुळे लेखन थोडे लांबले आहे. ज्यांना फक्त चवीशी कर्तव्य आहे त्यांनी पुढचा परिच्छेद वाचून थांबावे.

चव उत्तम आहे. कच्ची, हिरवीगार केळी समोरच सोलली जातात आणि कारागीर किसणी थेट कढईवर धरून काप उकळत्या तेलात सोडतो. काप आधी करून ठेवले तर हवा लागून काळे पडतात, म्हणून ही कसरत. काप तळत आले की तो मिठाच्या पाण्याचा एक हबका कढईत मारतो, तेल क्षणभर तडतडून फेसाळते आणि मीठ सगळ्या कापांना सारखे लागते. वरून भुरभुरलेल्या मिठासारखे ते पाकिटाच्या तळाशी उतरत नाही. काप पातळ, कुरकुरीत असतात आणि तेलाला वास नसतो. काळ्या मिऱ्याचे वेफर्स साध्यापेक्षा सरस आहेत. लाल तिखटाचे मला आवडले नाहीत, तिखटाखाली केळ्याची चवच हरवते. संध्याकाळच्या घाण्यांत मीठ किंचित जास्त लागते, एवढी एक खोड सोडली तर चवीबाबत बोट ठेवायला जागा नाही.

आता वजनाचे. दोनशे ग्रॅमचे पाकीट ऐंशी रुपयांना मिळते आणि त्यावर ‘निव्वळ वजन २०० ग्रॅम’ असे छापलेले असते. उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी आणलेले एक पाकीट सौभाग्यवतींनी चिवड्यात घालण्यापूर्वी घरच्या काट्यावर ठेवले, तर ते १९५ भरले. “अहो, पाच ग्रॅम मारले की हो त्यांनी,” असे म्हणून त्यांनी निकाल देऊन टाकला. एका पाकिटावरून असा निकाल देता येत नाही हे मी आयुष्यभर वर्गात सांगत आलो आहे, त्यामुळे घरातही तेच सांगणे भाग पडले. हाताने भरलेले कोणतेही पाकीट नेमके दोनशेला थांबत नाही; शेवटची मूठ थोडी जास्त पडते किंवा थोडी कमी पडते. प्रश्न एका पाकिटाचा नसून दुकान जी शेकडो पाकिटे भरते त्यांच्या सरासरीचा आहे, आणि ती सगळी पाकिटे आपण कधीच तोलू शकत नाही. हाती येतो तो एक लहानसा नमुना. त्याच्या सरासरीवरून मूळ सरासरीविषयी काही म्हणायचे, आणि म्हणताना चुकण्याची शक्यता किती हेही सांगायचे, एवढ्यासाठी परिकल्पना चाचणी असते.

चाचणीपूर्वी मी तीन गोष्टी कागदावर लिहून काढल्या. निकाल पाहून नियम ठरवले तर हवा तो निकाल काढता येतो, म्हणून ही लेखी खबरदारी. पहिली गोष्ट शून्य परिकल्पनेची : दुकानाच्या पाकिटांची खरी सरासरी २०० ग्रॅम आहे. आळ घेणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो, म्हणून सुरुवातीला दुकानदार निर्दोष धरायचा. दुसरी, पर्यायी परिकल्पना : खरी सरासरी २०० पेक्षा कमी आहे. पाकिटात जास्त वेफर्स निघाले तर गिऱ्हाईक म्हणून माझी काही तक्रार नाही, म्हणून चाचणी एकाच बाजूची, एकपुच्छ. तिसरी गोष्ट सार्थकता पातळीची. पुस्तकी सवयीने सगळे पाच टक्के घेतात. मी एक टक्का घेतली. निर्दोष माणसावर खोटा आळ येण्याची जोखीम म्हणजे ही पातळी, आणि ज्या बाजारपेठेत आपल्याला सगळे ‘सर’ म्हणून ओळखतात तिथे शंभरातून पाच वेळा खोटा आळ घेणे मला परवडणारे नव्हते.

नमुना घेतानाही काळजी घ्यावी लागली. सौभाग्यवतींनी तोललेले पाकीट मी धरले नाही, कारण ज्या पाकिटाने संशय निर्माण केला तेच पुन्हा पुराव्यात बसवणे म्हणजे फिर्यादीलाच साक्षीदार करणे आहे. बारा पाकिटे एकाच दिवशी उचलली असती तर ती एकाच हाताने, कदाचित एकाच घाण्यातून भरलेली निघाली असती आणि बारा स्वतंत्र निरीक्षणे म्हणवण्याच्या लायकीची राहिली नसती. म्हणून महिनाभरात चार फेऱ्या केल्या, त्याही वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या वेळी, आणि दर फेरीला तीन पाकिटे घेतली. तीही समोरची न घेता ढिगातून इकडची तिकडची. जळगावहून भुसावळमार्गे फैजपूर काही शेजारी नाही, पण त्या बाजूला नातलग असल्याने फेऱ्या फुकट गेल्या नाहीत.

घरचा काटा एका ग्रॅमच्या खाली बोलत नाही. शेजारी सराफ आहेत, आणि जळगावात सराफाचा काटा मिळणे कठीण नाही. त्यांनी दुकान बंद झाल्यावर तासभर आपला काटा वापरू दिला. आधी त्यावर दोनशे ग्रॅमचे प्रमाणित वजन ठेवून खात्री केली. काटाच दोन ग्रॅम कमी दाखवत असेल तर पुढची सगळी गणिते त्या दोन ग्रॅमचाच आळ दुकानदारावर घेतील, आणि पाकिटे कितीही वाढवली तरी तो दोष धुऊन निघणार नाही. प्रत्येक पाकीट आधी अख्खे तोलले, मग फोडून वेफर्स परातीत काढले, पिशवीच्या कोपऱ्यांतला चुरासुद्धा झटकून घेतला, तेलकट पिशवी फडक्याने पुसून वेगळी तोलली आणि वजाबाकी केली. सोन्याच्या काट्यावर केळी वेफर्स पाहून सराफशेठ हसत होते, पण तिसऱ्या पाकिटापासून वहीत आकडे तेच लिहू लागले.

बारा निव्वळ वजने ग्रॅममध्ये अशी आली : १९६.२, १९८.५, १९३.८, २०१.१, १९५.४, १९७.०, १९९.६, १९२.९, १९६.८, २००.३, १९४.७ आणि १९७.७. बेरीज २३६४.०, म्हणून सरासरी बरोबर १९७.० ग्रॅम. दोन पाकिटे दोनशेच्या वर आहेत, बाकीची खाली.

तीन ग्रॅमची ही तूट खरी की योगायोगाची, हे नुसत्या सरासरीकडे पाहून कळत नाही. पाकिटापाकिटांत वीस ग्रॅमचा फरक पडत असता तर तीन ग्रॅम कमी येणे ही किरकोळ गोष्ट ठरली असती. अर्ध्या ग्रॅमचा फरक पडत असता तर तीन ग्रॅम म्हणजे उघड लबाडी. म्हणून आधी वजनांचा पसारा मोजायचा. प्रत्येक वजनाचे १९७ पासूनचे अंतर घेतले, त्याचा वर्ग केला, वर्गांची बेरीज ७२.७८ आली. तिला बाराने न भागता अकराने भागले, कारण सरासरी याच आकड्यांतून काढल्याने एक आकडा बांधला जातो आणि मोकळे अकराच उरतात. उत्तर ६.६२ आणि त्याचे वर्गमूळ २.५७ ग्रॅम, हे प्रमाण विचलन. हा एकेका पाकिटाचा चढउतार झाला. बारा पाकिटांच्या सरासरीचा चढउतार त्याहून कमी असतो, कारण जड पाकिटे हलक्यांना सावरतात; तो काढण्यासाठी २.५७ ला बाराच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.४६ ने भागले आणि ०.७४ ग्रॅम ही प्रमाण त्रुटी मिळाली. आता तूट या मापाने मोजायची : उणे तीन भागिले ०.७४ म्हणजे उणे ४.०४. हेच टीचे मूल्य.

येथे मुले हमखास एक चूक करतात. ती हा आकडा सामान्य वितरणाच्या तक्त्यात पाहतात, जणू मूळ प्रमाण विचलन आपल्याला ठाऊकच आहे. ते ठाऊक नसते, २.५७ हा आकडासुद्धा याच बारा पाकिटांतून काढलेला अंदाज आहे आणि त्यालाही चूक चिकटलेली आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम सीली गॉसेट यांच्यापुढे हीच अडचण होती, कारण त्यांना लहान नमुन्यांवरून निष्कर्ष काढावे लागत. १९०८ मध्ये त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने निबंध प्रसिद्ध केला आणि लहान नमुन्यासाठी कोणता तक्ता लागतो ते दाखवले. त्या तक्त्यात अकरा स्वातंत्र्य मात्रांसाठी, म्हणजे वर उरलेल्या अकरा मोकळ्या आकड्यांसाठी, एक टक्का पातळीवरचे एकपुच्छ मूल्य २.७१८ आहे, सामान्य वितरणाचा तक्ता घेतला असता तर ते २.३२६ मिळाले असते, म्हणजे आळ घेणे उगाच सोपे झाले असते. माझे ४.०४ दोन्हींच्या पलीकडे होते, त्यामुळे शून्य परिकल्पना नाकारावी लागली. संगणकावरच्या एक्सेलमधले टी.टेस्ट हे सूत्र दोन रकाने मागते, एका नमुन्याला ते तसेच लागू पडत नाही. म्हणून ज्यांना हे घरी करायचे आहे त्यांनी सरासरी आणि प्रमाण विचलन संगणकाकडून घ्यावे आणि भागाकार स्वतः करावा. दोन मिनिटांचे काम आहे.

पी-मूल्य एक हजारांशाच्या आसपास येते. सराफशेठांनी त्याचा अर्थ, ‘म्हणजे दुकानदार प्रामाणिक असण्याची शक्यता हजारात एक’ असा लावला, आणि मी शिकवलेली निम्मी मुलेही तोच लावत. तो चूक आहे. खरी सरासरी २०० असती तर बारा पाकिटांचा इतका किंवा याहून हलका नमुना हजार वेळांतून साधारण एकदा मिळाला असता, एवढेच तो आकडा सांगतो. दुकानदाराच्या मनात काय आहे, याविषयी त्यात अक्षर नाही. मला त्यापेक्षा विश्वास अंतराल, म्हणजे खरी सरासरी जिथे असावी तो पट्टा, बोलके वाटते : ९५ टक्क्यांचे अंतराल १९५.४ ते १९८.६ ग्रॅम असे येते, म्हणजे तूट साधारण दीड ते साडेचार ग्रॅमच्या दरम्यानची असावी.

कायद्याची गंमत याच आकड्यांत दिसते. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांनुसार दोनशे ग्रॅमच्या पाकिटाला साडेचार टक्के, म्हणजे नऊ ग्रॅमपर्यंतची चूक सोसली जाते. माझ्या नमुन्यातले सर्वांत हलके पाकीट १९२.९ चे, म्हणजे एकेकटे पाहिले तर बाराही पाकिटे निर्दोष सुटतात. पण नियम सरासरीकडेही बघतात, आणि ते योग्यच आहे, कारण ही सवलत हाताच्या चढउतारासाठी आहे, दर पाकिटात कायम तीन ग्रॅम कमी भरण्यासाठी नाही.

वही घेऊन मी दुकानात गेलो. मालक तिशीतला मुलगा, नम्र. त्याने “बसा सर” म्हणून चहा मागवला आणि आकडे शांतपणे ऐकून घेतले. त्याला टी कळले नाही आणि कळण्याची गरजही नव्हती. बारापैकी दहा पाकिटे कमी भरली हे त्याला पुरेसे कळले. “आम्ही तर दोनशेच तोलतो सर, तुमच्यासमोर तोलून दाखवतो,” असे म्हणून त्याने पिशवी घेतली, तिच्यात वेफर्स भरले आणि भरलेली पिशवी काट्यावर ठेवली. आकडा २०० आला. मी रिकामी पिशवी काट्यावर ठेवायला सांगितली, तर आकडा शून्यावरून हललाच नाही, कारण तो काटा पाच-पाच ग्रॅमने पुढे सरकतो. सराफाच्या काट्यावर त्याच पिशव्या लेबलसह ३.१ ग्रॅमच्या आसपास भरल्या होत्या, आणि माझी तूट ३.० होती. म्हणजे पिशवीचे वजन वजा करण्याचे बटण कोणी कधी दाबलेच नव्हते. वजनांच्या पसाऱ्याचे कारणही तिथेच दिसले : भरणारा मुलगा घाईत असला की १९५ आले किंवा २०५ आले तरी पाकीट पुढे सरकवत होता.

चाचणीने तूट आहे हे सांगितले, ती का आहे हे सांगितले नाही. ते काट्याजवळ उभे राहिल्यावर दिसले. मी चिडून एका पाकिटावर बोललो असतो तर मालकाने एखादे २०१ चे पाकीट तोलून दाखवले असते आणि वाद तिथेच संपला असता. तीन ग्रॅमची किंमत माझ्यासाठी एक रुपया वीस पैसे आहे, त्यासाठी कोणी पेट्रोल जाळत नाही; पण शंभर पाकिटांमागे ते तीनशे ग्रॅम, म्हणजे दीड पाकीट होते. सांख्यिकीय दृष्ट्या सार्थक असणे आणि खिशाला महाग पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्गात हे पटवायला मला यापुढे दुसरे उदाहरण शोधावे लागणार नाही.

मालकाने त्याच आठवड्यात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा नवा, शिक्का मारलेला काटा आणला आणि रिकामी पिशवी ठेवून आकडा शून्यावर आणल्याशिवाय भरायचे नाही, असे मुलाला बजावले. दोन महिन्यांनी मी पुन्हा चार फेऱ्यांत बारा पाकिटे घेतली. या वेळी सरासरी १९९.६ आणि प्रमाण विचलन २.४ ग्रॅम आले. टीचे मूल्य उणे ०.५८, म्हणजे २.७१८ च्या जवळपासही नाही. शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. मालकाला हे फोनवर कळवले तेव्हा तो आनंदाने म्हणाला, “म्हणजे सर, आमचं वजन बरोबर आहे असं तुमच्या गणितानं सिद्ध झालं. तसा कागद द्या, दुकानात लावतो.”

तो कागद मी दिलेला नाही. आळ शाबीत झाला नाही म्हणजे निर्दोषत्व शाबीत झाले असे होत नाही, आणि ‘नाकारता आली नाही’ या शब्दांऐवजी ‘स्वीकारली’ असे लिहिणाऱ्या मुलांचे गुण मी इतकी वर्षे कापत आलो आहे. समजा आजही दर पाकिटात खरोखर एक ग्रॅम कमी जात आहे. तर बारा पाकिटांच्या आणि एक टक्का पातळीच्या या चाचणीत ते सात-आठ वेळांतून एखाद्या वेळीच पकडले जाईल, बाकी वेळी सुटेल. खोटा आळ टाळण्यासाठी मी जी पातळी कडक ठेवली तिचीच ही किंमत आहे. एक ग्रॅमची तूट पाचांपैकी चार वेळा तरी पकडायची असेल तर साठाच्या आसपास पाकिटे फोडावी लागतील, आणि पहिल्या चोवीस पाकिटांनीच घरात, प्राध्यापक कक्षात आणि सराफशेठांच्या दुकानात वेफर्सचा इतका पूर आला होता की त्याला आता सौभाग्यवतींची परवानगी नाही.

मालकाचा एक प्रश्न मात्र मला आवडला. “कमी जातंय का ते तुम्ही बघितलं, जास्त जातंय का ते कोण बघणार?” असे तो म्हणाला. त्याच्या बाजूने ते अगदी रास्त आहे. त्याच्यासाठी चाचणी दोन्ही बाजूंची, द्विपुच्छ असायला हवी, आणि तशी केली तरी उणे ०.५८ हा आकडा कोणत्याच बाजूला काही सांगत नाही. त्याने आता रोज सकाळी भरलेल्या पाकिटांतली पाच पाकिटे तोलून वही ठेवायला सुरुवात केली आहे. महिनाभराची ती वही माझ्या बारा पाकिटांपेक्षा जास्त बोलेल, आणि ती पाहिल्यावर कागदाचा विचार करू असे मी त्याला सांगितले आहे.

जाणाऱ्यांसाठी एवढेच, की सकाळी जावे, ताजा घाणा आणि बेताचे मीठ मिळते. मिऱ्याचे वेफर्स दुपारपर्यंत संपतात. सुटे वेफर्स घेतले तर ते तुमच्यासमोर तोलतात. नवा काटा काउंटरच्या डाव्या हाताला आहे आणि त्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला आहे.